पाच आकडी नंबर आणि झेरॉक्सवाल्या मावशी

भाईंदर पश्चिमेच्या झेरॉक्सवाल्या मावशींमुळे माझा अर्ज मंजूर झाला, हे आधी सांगतो. आजही गरम झेरॉक्सचा वास आला की तो दिवस आठवतो. शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या माझ्या दोन व्हॅन आहेत. ड्रायव्हर बदलला की पालकांना जाणाऱ्या मेसेजचा नंबरही बदलायचा, आणि अनोळखी नंबरचा मेसेज कोण उघडतंय? म्हणून पालकांनी सांगितलं, जूनपर्यंत एकच ठरलेला पाच आकडी नंबर घ्या, नाहीतर आम्ही दुसरी व्हॅन लावतो. मी आठवीतून शाळा सोडलेला, गाव पार यवतमाळकडे, विचारायचं कोणाला? मोबाइल कंपनीने त्या नंबरचा अर्ज दोनदा परत पाठवला, तेव्हा तो मावशींपुढे ठेवला. अर्जाला जोडलेला मेसेजचा नमुना वाचून त्या हसायलाच लागल्या. "अरे, वर श्रीगणेशाय नमः लिवलंस?" "शुभ काम आहे ना मावशी, पावतीवरपण असतं." "देव पावतीवर ऱ्हाऊ दे. गाडी कोनाची, ते कुठं हाय? कंपनीला तेच पायजे." मी मनात म्हटलं, आज अर्ज पुरा भरूनच जाणार. त्यांनी एकेक रकाना मला मोठ्याने वाचायला लावला, अडखळलो की पुन्हा. तिसऱ्यांदा अर्ज पाठवला तेव्हा मंजुरी आली आणि जूनमध्ये एकाही पालकाने व्हॅन बदलली नाही. मावशींची नात आता दोन वर्षांची आहे. ती शाळेत निघेल त्या दिवसापासून खिडकीची जागा तिची, आणि ‘गाडी निघाली’ हा मेसेज सगळ्यांच्या आधी मावशींच्या फोनवर जाईल, हा माझा शब्द.