धाकट्याची शेपटी

माहेरी निघताना सुनेनं तिच्या डेगूंबद्दल मला दोनच गोष्टी बजावल्या. भांडले तरी त्यांना वेगळं करायचं नाही, आणि शेपटीला हात लावायचा नाही. नागपूरला तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, रिक्षा खाली येऊन उभी होती, आणि तरी ही दारात थांबून मला शिकवत होती. मी म्हटलं, "अगं, उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला माझा. दोन उंदीर नाही का सांभाळता येणार?"

ते उंदीर नाहीत हे मला चांगलं ठाऊक होतं. डेगू म्हणजे साधारण खारीएवढा प्राणी. मोठे कान, टपोरे डोळे आणि शेपटीच्या टोकाला काळा झुपका. हे दोघे सख्खे भाऊ. एक अंगानं दांडगा म्हणून तो थोरला आणि दुसरा धाकटा, एवढंच. माझा मुलगा वारज्याहून पार हडपसरला नोकरीला जातो, तो अंधार पडल्यावर उगवतो. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि तो पिंजरा.

एका दुपारी गवतावरून दोघांत जुंपली आणि धाकट्याच्या कानाला रक्त आलं. रक्त म्हणजे किती, तर टाचणी टोचल्यावर येतं तेवढं. असं झालं तर कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून टिपून घ्या आणि सोडून द्या, हेही सुनेनं सांगून ठेवलं होतं. पण माझ्यातल्या शाळेच्या बाई जाग्या झाल्या. ज्याला लागलं तो गरीब आणि दुसरा मवाली, हा निकाल मी वर्गात देत आले, तसा इथेही दिला. डॉक्टरकडे न्यायचा छोटा पिंजरा होता, त्यात घालून थोरल्याची रवानगी बाल्कनीत केली. धाकट्याच्या कानाला हळद लावली, चांगली चेपून. थोरला बाहेर चिरचिरत राहिला. मी त्याला म्हटलं, "बस आता विचार करत."

सून परत यायच्या आदल्या दिवशी मी सगळं जागच्या जागी दिसावं म्हणून दोघांना पुन्हा एकत्र सोडलं. हे प्राणी एकमेकांना वासानं ओळखतात, हे मला नंतर कळलं. थोरल्याला समोर भाऊ दिसलाच नाही. दिसला तो हळदीचा वास येणारा कुणी परका. मग जे झालं त्याला भांडण म्हणत नाहीत. दोघांचा एक गोळा होऊन पिंजराभर आपटत होता. मी घाबरले, हात घातला आणि हाताला लागेल ते धरून ओढलं. हाताला लागली ती शेपटी.

झुपका आणि त्याच्याखालची कातडी मोज्यासारखी निघून माझ्या बोटांत राहिली. धाकटा कोपऱ्यात जाऊन उघडी पडलेली शेपटी चाटत बसला. मी ती कातडी कागदात गुंडाळली आणि ओल्या कचऱ्यात भाजीच्या देठांखाली दडपली. हे सुचलं आधी. त्याला डॉक्टरकडे न्यायचं सुचलं नंतर.

डॉक्टरांनी औषध दिलं, उघडं टोक वाळून आपोआप गळेल म्हणाले आणि विचारलं, "कशानं झालं?" मी म्हणाले, "थोरल्यानं चावली." इतकं सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. मुलालाही तेच सांगितलं, नंतर फोनवर सुनेलाही.

ती आली ती बॅग दारातच टाकून पिंजऱ्यापाशी बसली. धाकट्याला हातात घेऊन त्याची शेपटी निरखली. मग म्हणाली, "अहो आई, थोरल्याला मी येरवड्याच्या मैत्रिणीला देऊन टाकते. तो असं करायला लागला, तर याचा जीव जाईल एखाद दिवशी." तिचे डोळे भरले होते. डेगू एकटा पडला की झुरतो, हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं. पुन्हा बाल्कनीत नेऊन ठेवलेला थोरला जाळीला नाक लावून बसला होता. त्याच्यावर कुणी काय आळ घेतलाय, याचा त्या जिवाला पत्ताही नव्हता.

तिनं मैत्रिणीला फोन लावला, पलीकडून "हॅलो" आलं, आणि तेव्हा कुठे मी म्हणाले, "ठेव तो फोन. शेपटी मी ओढली." हळद, बाल्कनी, कचऱ्याचा डबा, सगळं सांगितलं. अशी शरम मला या वयात वाटेल असं वाटलं नव्हतं. कान तापले होते आणि नजर फरशीवर होती, वर्गात उभं केलेल्या पोरीची असते तशी. ती रागावली नाही. "बरं," एवढंच म्हणाली, आणि हळद पुसायला कापूस आणायला गेली.

त्यांचं पुन्हा जुळवायला तिला फार खपावं लागलं. मध्ये जाळी घालून दोघांना शेजारी ठेवायचं, ज्या वाळूत एक लोळला तीच दुसऱ्याला द्यायची, म्हणजे वास एक होतो. शेवटी एका सकाळी दोघे एकमेकांवर माना टाकून झोपलेले दिसले. धाकट्याची शेपटी आता आखूड आणि बोथट आहे.

परवा विहीणबाई नागपूरहून आल्या होत्या. नव्या डोळ्यांनी पिंजरा न्याहाळत त्यांनी विचारलं, "याची शेपटी कुठं गेली गं?"

"लागलं होतं त्याला," सून म्हणाली. "मी नव्हते तेव्हा. पण अहो आई होत्या, त्यांनी लगेच डॉक्टरकडे नेलं, म्हणून निभावलं."

मी तिच्या वाक्यात टोमणा शोधला. पुण्याची असती तर सापडला असता, आणि मीही चोख उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण ती नागपूरची आहे. तिच्या बोलण्यात आत दुसरं काही नसतं.

"तुमच्या हाती सोपवलं की काळजी नाही बघा," विहीणबाई म्हणाल्या.

मी चहा टाकायला उठले.