भाऊंच्या टायची गाठ

पहिल्या भेटीत भाऊंनी माझा चेहरा नीट पाहिला असेल असे मला वाटत नाही. ते माझ्या गळ्याकडेच बघत होते. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी खेडजवळच्या खेड्यातून आलेला, औषध कंपनीत प्रतिनिधी म्हणून नवा चिकटलेला. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत उभा होतो. गळ्यात चकचकीत टेरिलीनचा टाय होता. आम्हा पोरांना गाठ घालता येत नसे. दुकानदाराने एकदा घालून दिलेली गाठ वर्षभर तशीच ठेवायची, सकाळी डोक्यातून अडकवायची आणि संध्याकाळी खुंटीला टांगायची, ही आमची रीत. एक उंच, सडसडीत गृहस्थ जवळ आले.

"नाव काय रे तुझं?"

"दिनकर."

"दिनू, टाय बांधलायस की फास लावून घेतलायस?"

ते मुकुंदराव केळकर. जिल्ह्यातल्या औषध प्रतिनिधींमध्ये सर्वांत ज्येष्ठ आणि आम्हा सगळ्यांचे भाऊ. मला राग आला होता, पण संध्याकाळी तेच मला बाजारातल्या एका कापडदुकानात घेऊन गेले. लग्नसराईत नवरदेवांसाठी आणलेले आणि न खपलेले रेशमी टाय दुकानदाराने खोक्यातून काढले. मी अर्थातच सर्वांत चमकणारा उचलला. भाऊंनी तो हातातून काढून घेतला, मधोमध चिमटीत धरला आणि लोंबता सोडला. टाय स्वतःभोवती वळला.

"बघितलंस? कापडच वाकडं कापलंन. हा जन्मभर असाच गिरक्या घेणार."

मग त्यांनी एक तपकिरी, दाणेदार विणीचा टाय निवडला. मुठीत चुरगळून सोडला तर सुरकुत्या हळूहळू विरून गेल्या. त्यावर माझे बोट फिरवून घेतले. जांभ्या दगडावरून हात फिरवावा तसे वाटले, फक्त मऊ. "गुळगुळीत रेशमाची गाठ दुपारपर्यंत घसरते. हे रेशीम गाठ धरून ठेवतं. आणि आपल्याकडची लाल धूळ यावर दिसत नाय. शर्ट मात्र साधा घाल. दोघांनी एकदम बोलू नये." त्यांचा स्वतःचा टायही असाच होता, थोडा गडद. असल्या बाबतीत भाऊ अत्यंत हट्टी आहेत, हे त्यांच्या साठीच्या सत्कारासाठी लिहिलेल्या या लेखातही सांगायलाच हवे.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी मी गाठ शिकलो. समोर उभे राहून शिकवले तर डावे-उजवे उलटे होते, म्हणून त्यांनी मला कपाटाच्या आरशासमोर उभे केले, स्वतः मागे उभे राहिले आणि माझ्या खांद्यांवरून हात पुढे घेतले. आरशात आम्ही दोघे आणि चार हात दिसत होते. सुमतीवहिनी स्वयंपाकघरातून डोकावून हसत होत्या. माझे वडील नोकरीपायी मुंबईत असत आणि वर्षातून एकदा गावी येत. आपल्या खांद्यांवर वडीलधाऱ्यांचे हात असे असतात, हे मला तेव्हा कळले. गाठ जमल्यावर भाऊंनी ती लगेच सोडायला लावली. "ज्या वाटेने गेली त्या वाटेने परत आण. खेचायची नाय. घरी आलास की रोज सोडायची, म्हणजे रेशीमही विसावा घेतं."

एसटीत ते टाय कधी घालत नसत. गुंडाळून, धुतलेल्या रुमालात ठेवून तो बॅगेत औषधांच्या नमुन्यांच्या वर ठेवत आणि गाव आले की स्टँडवरच्या पानपट्टीच्या आरशात पाहून बांधत. आम्ही चेष्टा करायचो. त्यांनी एकदाच उत्तर दिले. "दवाखान्याबाहेर माणसं ताप अंगात घेऊन बसलेली असतात. त्यांच्यासमोरून आपण आत जातो. त्यांना वाटायला हवं की हा माणूस काही कामाचं घेऊन आलाय." तरी त्या आजारी माणसांच्या आधी भाऊ सहसा आत जात नसत. पूर्णगडला एका कोळीण आजीला त्यांनी रांगेतला आपला नंबर दिला, गाडी चुकवली आणि आम्ही दोघे दगडावर बसून पुढच्या गाडीची वाट पाहत राहिलो. मी कुरकुरत होतो, ते समुद्र बघत होते.

मंडणगडच्या दवाखान्यात एक तापलेले मूल कुणाकडेच राहीना. त्याने भाऊंचा टाय धरला आणि रडे थांबवले. भाऊ वाकून उभे राहिले. डॉक्टरांचे तपासून होईपर्यंत, सुई टोचून होईपर्यंत, ते मूल टायचे टोक चोखत राहिले. रेशमावर पाण्याचा डाग पडला तर जात नाही. मी हळहळलो, तर भाऊ म्हणाले, "असू दे. हा टाय कामाला लागला." तो डाग अजून आहे आणि तो लपेल अशा रीतीने त्यांनी टाय कधी बांधला नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघे लोट्याला गेलो होतो. तिथल्या एका दवाखान्यात बोलता बोलता भाऊंचा शब्द अडखळला आणि ते खुर्चीतच एका बाजूला कलले. अर्धांगाचा झटका होता. गळा मोकळा करायला कंपाउंडर कात्री घेऊन धावला. "सायेब, कापून टाकतो, गाठ सुटायची नाय." भाऊंना बोलता येत नव्हते, पण उजवा हात उचलून त्यांनी टायवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो आणि गाठ गेल्या वाटेने परत आणली. क्षणात सुटली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. माझ्याही आले, लपवायचे कशाला.

वाचा परत आली, चालणेही आले. डावा हात मात्र पुरता आला नाही. टाय तेव्हापासून कपाटात गुंडाळलेला आहे. आम्ही साठीचा सत्कार ठरवला, निमंत्रणे गेली, आणि भाऊंनी निरोप पाठवला की मी येणार नाही. कुणी म्हणाले तब्येत, कुणी म्हणाले संकोच. समितीतल्या एका उत्साही मित्राने त्यांच्याकडे इलॅस्टिकचा तयार टाय पाठवला, तेव्हा तर ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

गेल्या रविवारी मी घरी गेलो. "भाऊ, टाय नसला तर काय बिघडतं?" असे विचारून बसलो.

"तुझं नाय बिघडत. ज्यांच्यासमोर तीस वर्षं नीट उभा राहिलो, त्यांच्यासमोर आता उघड्या गळ्याने जाऊ? नाय जमायचं दिनू."

वहिनींनी न सांगताच कपाट उघडले आणि टाय ठेवलेला रुमाल माझ्या हातात दिला. मी भाऊंना त्याच आरशासमोर उभे केले, मागे उभा राहिलो आणि त्यांच्या खांद्यांवरून हात पुढे घेतले. खांदे किती उतरलेत हे तेव्हा जाणवले. गाठ घातली. घट्ट करणार, तोच त्यांचा उजवा हात वर आला.

"ते मी करीन."

गाठ त्यांनी स्वतः वर सरकवली, टोक बरोबर पट्ट्याच्या बकलाला टेकले. डाग समोर दिसत होता. बराच वेळ आरशात बघून म्हणाले, "सोड आता. त्या दिवशी जरा लवकर ये."

म्हणजे भाऊ येणार आहेत. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ते व्यासपीठावर बसलेले असतील आणि त्यांच्या गळ्यातली गाठ आम्ही दोघांनी मिळून घातलेली असेल. कार्यक्रम संपला की त्यांना घरी नेऊन ती मीच सोडीन, पंचाहत्तरीला पुन्हा घालायची आहे म्हणून. भाऊ, तोवर प्रकृती सांभाळा, वहिनींचे ऐका, रोज फिरायला जा. तुम्ही फक्त आरशासमोर उभे राहा, मी मागे आहे.