हॅलो, हॅलो, गोगटे बोलतोय

गाडीच्या डिकीत केबलचे तुकडे कसे साठतात हे मला अजून कळलेलं नाही. प्रत्येक कामाला मोजून केबल नेते, उरलेली गुंडाळून लेबल लावून ठेवते. तरी हिवाळा संपताना डिकी उघडावी तर आत भलताच गुंता! किश्श्यांचंही तसंच होतं. मला रोज डायरी लिहायची सवय आहे. कुठल्या दुकानात काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, एवढंच लिहायचं ठरवून बसते. प्रत्यक्षात निम्मी पानं गोगटेकाका काय म्हणाले यानंच भरतात.

आमचं काम पेजिंगचं. दुकानात किंवा गोदामात छतावरून आवाज येतो ना, 'लाइन टूवर फोन आहे', 'दुकान बंद व्हायची वेळ झाली', ते आम्ही बसवतो. पूर्वी त्याला मोठा ॲम्प्लिफायर लागायचा. आता स्पीकर थेट कॉम्प्युटरच्या नेटवर्कला जोडतात. म्हणजे नेटवर्क रुसलं की स्पीकरही रुसतात, आणि मग आम्हाला फोन येतो.

कंपनी गोगटेकाकांची. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून कॅनडात आले, नोकरीतून रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून ही कंपनी काढली. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होते. तिथला इंटरकॉम मॅन्युअल वाचून माझी मीच दुरुस्त केला, ते काकांनी दातावर उपचार घेता घेता पाहिलं. तोंडातला कापूस काढून म्हणाले, "अगं शुभा, दात दुसरं कुणीही मोजेल. तू माझ्याकडे ये!" शिडीवर चढायला आमचा गुरमीत. इतकाच कारभार.

बहुतेक दुकानांतल्या रेकॉर्ड केलेल्या सूचना काकांच्याच आवाजात आहेत. खणखणीत आवाज, बोलणं इंग्रजी, ठेका पुण्याचा.

गेल्या हिवाळ्यात तो आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं थंडीचा आहे. मग डॉक्टर म्हणाले, घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. पुढे मशीन लावून बोलता येतं म्हणे, पण तो आवाज आपला नव्हे.

काकांची मुलगी व्हँकुव्हरहून फोनवर म्हणाली, "बाबा, डोंट वरी, यू कॅन जस्ट टेक्स्ट अस!"

हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये काकू गाडीचं दार धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "शुभा, आता मी भांडू कुणाशी गं?"

* * *

काकांचा एक नियम होता: टेस्टिंग मराठीतच करायचं. इंग्रजीत 'टेस्ट' म्हटलं तरी गिऱ्हाईक हातातलं सामान ठेवून छताकडे बघत बसतं. मराठीत बोललं की लोकांना वाटतं, आपल्यासाठी नाही, आणि ते खरेदी करत राहतात.

आमच्या वॉन गावातच टाइल्सचं एक मोठं दुकान होतं. मागे गोदाम, पुढे शोरूम. मी गोदामात कुठे आवाज पोचतो आणि कुठे नाही ते लिहून घेत होते. काका पुढे काउंटरवर पेजिंगचा फोन धरून उभे.

"हॅलो, हॅलो, गोगटे बोलतोय. मालक माणूस चांगला आहे, पण सकाळपासून चहाचं नाव नाही. हॅलो, हॅलो. बिस्किटं दिसली, ती स्वतःच खाल्ली. हॅलो."

मागच्या ऑफिसचं दार उघडलं. हिशेब बघणाऱ्या बाई कप घेऊन सरळ काउंटरपाशी आल्या.

"काका, साखर किती घालू? आणि मी साताऱ्याची."

त्यानंतरच्या प्रत्येक टेस्टमध्ये काका मालकाची स्तुती करू लागले.

* * *

विंडसरच्या एका गॅरेजमधून फोन आला. एका बे-मधला, म्हणजे गाडी दुरुस्तीला लावतात त्या कप्प्यातला, स्पीकर गप्प आहे.

वॉनपासून विंडसर म्हणजे दिवस गेलाच. गेल्यावर मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. आधी केबल तपासली. मग स्विच. मग स्पीकरचा नेटवर्कवरचा पत्ता, मग आवाजाची पातळी. लॅपटॉपवर सगळं हिरवं! स्पीकर म्हणतोय मी वाजतोय, आणि खाली उभं राहिलं तर पुटपुटल्यासारखं काहीतरी. मी सगळं पुसून पहिल्यापासून पुन्हा केलं. काका शेजारी खुर्चीवर बसून, "सावकाश कर, घाई नाही," म्हणत होते आणि दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते.

शेवटी गुरमीतला शिडीवर चढवलं. वरून त्याचा आवाज आला, "दीदी, आपका स्पीकर तो टोपी पहन के बैठा है!"

खरोखरच आत लोकरीची टोपी कोंबलेली होती. तिच्यामागे हातमोजे. त्यांच्यामागे एक पायमोजा.

त्या बे-मधला मेकॅनिक खालून शांतपणे म्हणाला, "थंडी आहे ना!"

मी आवाज वाढवून आणखी एक स्पीकर लावू या म्हणत होते. काकांनी मला थांबवलं. त्यांनी मेकॅनिकला विचारलं, "सगळ्यात जास्त कुठली सूचना वाजते?" तो म्हणाला, "माझ्याच नावानं हाका मारतात, दिवसभर!" काकांनी त्याच्या डोक्यावरचा आवाज निम्मा करायला लावला. पायमोजा मात्र त्यानं परत घेतला नाही. म्हणाला, तो त्याचा नाहीच.

* * *

प्रत्येक सिस्टिममध्ये एक इमर्जन्सी बटण असतं. ते दाबलं की बाकीचं सगळं थांबतं आणि एकच संदेश सगळीकडे वाजतो. काका प्रत्येक मालकाला बजावायचे, "हे बटण उगाच दाबायचं नाही. मनुष्य अगदीच अडला, तरच."

मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाची दोन गोदामं होती, एक वॉनला आणि एक विंडसरला. आम्ही वॉनचं काम केलं. विंडसरला त्यांच्याच कॉम्प्युटरवाल्यानं आमची सेटिंग्ज जशीच्या तशी चिकटवली. दोन्ही नेटवर्क आतून जोडलेली, त्यामुळे वॉनला बोललेलं विंडसरला वाजू लागलं. हे कुणालाच माहीत नव्हतं.

वॉनच्या मॅनेजरबाईंनी सूचना दिली, "पांढरी व्हॅन दारातून हलवा." वॉनची व्हॅन हलेना. बाईंनी पुन्हा सांगितलं. मग ओरडून सांगितलं. मग इमर्जन्सी बटण दाबून सांगितलं!

थोड्या वेळानं विंडसरच्या मॅनेजरचा आम्हाला फोन. "आमच्या ड्रायव्हरनं पांढरी व्हॅन मागे घेतली. मग रस्त्यापलीकडे लावली. मग शेजारच्या प्लाझात नेली. आता तो घरी गेलाय. म्हणतो, त्या बाईंना माझी व्हॅन दिसतच नाही अशी जागा मला फक्त माझ्या घरी सापडली."

* * *

डॉक्टरांचं निदान कळलं त्याच सुमारास मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डचं ग्रोसरी स्टोअर आलं. मालकीणबाईंना दुकान बंद व्हायची सूचना फ्रेंचमध्ये हवी होती. मी म्हटलं, कुणा फ्रेंच माणसाकडून करून घेऊ. काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आवाज आहे तोवर मीच करणार."

काका-काकूंची कॅनडातली पहिली वर्षं मॉन्ट्रियलला गेली. काकू तिथे पाळणाघरात काम करायच्या, त्यामुळे त्यांचं फ्रेंच अस्सल. काकांचं फ्रेंच पार्किंगच्या पाट्या वाचण्यापुरतं. तेव्हा काकू गुरू झाल्या. घराच्या बेसमेंटमध्ये माइक लावला, भिंतींना रजया टांगल्या आणि काकांनी "मेदाम ए मेस्यू", म्हणजे 'बाया-बाप्यांनो', असा आवाज लावला.

काकू दोन्ही हात कानांवर ठेवून म्हणाल्या, "अहो, दुकान बंद होतंय. कर्फ्यू लागत नाहीये!"

"मग कसं म्हणू?"

"पोराला झोपवताना म्हणतात तसं. या हं आता. बोंजूर म्हणताना हसा जरा."

"हसलेलं ऐकू येतं का?"

"येतं!"

एवढ्या वर्षांच्या संसारात 'तुझं बरोबर आहे' हे वाक्य काकांनी काकूंना एकदाही म्हटलेलं नाही, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पटलं की काका गप्प बसतात आणि काम पुन्हा करतात. त्या दिवशीही गप्प बसले. मग माइकसमोर हसले आणि पुन्हा बोलले.

ब्रॉसार्डच्या मालकीणबाईंनी कळवलं, "गिऱ्हाइकं वेळेवर निघतात. पण हा माणूस इतका गोड बोलतो की निघताना लोक वर बघून त्याचे आभार मानतात, 'मेर्सी' म्हणतात!"

* * *

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात काकांनी मला बोलावलं. घोगरा आवाजही आता तुटत होता. "घरी एक सिस्टिम बसवायची आहे," म्हणाले. किचन, बेसमेंट, गॅरेज. सूचना ते स्वतः बेसमेंटमध्ये बसून रेकॉर्ड करणार होते, दार लावून. "मी हॉस्पिटलमध्ये असताना बसव. आणि शुभा, टेस्ट करायची नाही."

मी म्हटलं, "काका, टेस्ट न करता मी आजवर एकही काम सोडलेलं नाही."

"म्हणून तर सांगतोय."

काकू हॉस्पिटलला गेल्या की मी आणि गुरमीत जाऊन काम करायचो. मी केबल तपासल्या, स्विच तपासला, लॅपटॉपवर सगळं हिरवं बघितलं. ऐकलं मात्र काही नाही. हाताला फार सुरसुरी येत होती!

तेवढ्यात वॉनच्या टाइल्सवाल्यांनी दुकान बंद व्हायची सूचना कॉम्प्युटरच्या आवाजात करून घेतली. आठवड्यातच साताऱ्याच्या बाईंचा मला फोन आला. "ताई, काकांना परत लावा. या आवाजानं कुणी हलतच नाही. लोकांना वाटतं रेडिओ चालू आहे."

मी हॉस्पिटलमध्ये जाऊन काकांना सांगितलं. ऑपरेशन नीट झालं होतं. गळ्याला बँडेज, हातात पांढरी पाटी आणि मार्कर. काकांनी पाटीवर लिहिलं: 'घरी नाही, निदान वॉनमध्ये तरी माझं ऐकतात!'

काकूंनी ते वाचलं. उत्तर तोंडाशी आलं होतं, मला दिसलं. पण त्यांनी नुसती पाटी पुसली आणि उशी सारखी केली. काका माझ्याकडे बघत राहिले. काकू उत्तर देत नाहीत हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

* * *

काका घरी आले त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. बाहेर बर्फ साचला होता. गुरमीत फावड्यानं ड्राइव्हवे साफ करत होता. काका हॉलमध्ये सोफ्यावर, काकू किचनमध्ये आमटी ढवळत होत्या. इतकं शांत घर मी कधी पाहिलं नव्हतं. काकू माझ्याशीही दबक्या आवाजात बोलत होत्या.

काकांनी खिशातून फोन काढला, स्क्रीनवरचं एक बटण दाबलं. आणि किचनच्या छतातून आवाज आला:

"हॅलो, हॅलो, गोगटे बोलतोय. चहा आला का?"

काकूंचा हात थांबला. डाव आमटीतच राहिला. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी मला हातानं गप्प केलं. मग छताकडे बघून, पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "दूध संपलंय!"

हॉलमधून दुसरं बटण दाबलं गेलं. "थर्मोस्टॅट कुणी वाढवला?"

"मी! मला थंडी वाजते!"

"दिव्यांचं बिल कोण भरतं?"

"आणि दिवे विसरतं कोण? हॉस्पिटलला गेलात तेव्हा बेसमेंटचा दिवा रात्रभर चालू होता!"

काकू डाव घेऊनच हॉलमध्ये गेल्या. मी मागोमाग. काकूंनी काकांच्या हातातून फोन घेतला आणि चष्मा खाली ओढून बटणं वाचली. चहा. थर्मोस्टॅट. दिवे. किल्ल्या. फोन घे. दार बघ.

"वा! म्हणजे सगळ्या तुमच्याच ऑर्डरी. ऑपरेशनच्या आधी तळघरात बसून हे केलंत? यात माझ्या बाजूचं एक तरी बटण आहे का?"

काकांनी फोन परत मागितला. अगदी तळाला एक लाल बटण होतं, त्यावर 'इमर्जन्सी' लिहिलेलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि ते दाबलं.

किचनमधून, बेसमेंटमधून आणि गॅरेजमधून एकदम आवाज आला:

"सुमन, तुझंच बरोबर आहे."

बाहेर गुरमीतचं फावडं थांबलं. काकू डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आमटीचे थेंब कार्पेटवर पडत होते, त्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"शुभा, बेसमेंटमधलं नीट ऐकू आलं नाही गं. यांना म्हणावं, परत एकदा टेस्ट करा."