खालून न उघडणारं दार

माझा मामा वेल्डर होता. सगळी वस्ती त्याला ठिणग्या म्हणायची, आणि ते काही त्याच्या धंद्यामुळे नव्हे. कुणी जरा वाकड्या नजरेनं पाहिलं की मामाचा हात आधी उठायचा आणि तोंड नंतर उघडायचं. आई म्हणायची, "हा पाळण्यात असतानाही शेजारच्या पाळण्याला लाथ मारायचा." माझे वडील गेल्यावर यानंच आम्हा मायलेकींना आपल्या घरी आणलं, घरातली एकुलती एक खोली आम्हाला दिली आणि स्वतः दुकानात लोखंडाच्या पट्ट्यांशेजारी पथारी टाकली. तेव्हा पुढे त्याच्याबद्दल जे वाईट लिहीन ते त्याचंच अन्न खाऊन लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं शहर कोरडं. मधोमध एक ओढा होता, पण तो नावाचाच. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या उंच भिंती, तळाला धूळ, फुटक्या बाटल्या आणि एखादं मेलेलं कुत्रं. वर्षातून एखाद वेळी लांब डोंगरात पाऊस पडायचा आणि आमच्या डोक्यावर रणरणतं ऊन असताना पाणी गर्जत यायचं. दुसऱ्या दिवशी चिखल मागे ठेवून निघून जायचं. बाकीचं वर्ष ओढा असायचा मारामारीसाठी. अलीकडचे आम्ही, पलीकडचे ते. भांडणाचं मूळ कुणी पाण्याच्या टँकरवर ढकलायचं, कुणी एका पळून गेलेल्या मुलीवर. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. तळात उतरायचं, दगड वेचायचे, डोकी फोडायची आणि घरी येऊन जेवायचं. ऐन तारुण्यात मामानं तिथंच पलीकडच्या एका गवंड्याचा अर्धा कान दातांनी तोडला. गवंड्यानं मामाच्या बरगड्या मोडल्या. त्या दिवसापासून गवंड्याचं नाव कानतुट्या पडलं, आणि मामा हसताना कूस धरायला लागला.

मग नगरपालिकेनं ओढा माणसांत आणायचं ठरवलं आणि नकाशेवाल्या बाई आल्या. मोठी टोपी घालून भर दुपारी एकट्याच तळात हिंडायच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भिंती फोडा, रुंद उतरत्या पायऱ्या करा, सावलीची झाडं लावा, शहराचं वापरलेलं पाणी स्वच्छ करून त्याची बारीक धार वर्षभर वाहती ठेवा. एवढ्या तापलेल्या शहरात माणसाला बसायला एक तरी गार जागा हवी. पूर आला तर खालच्या पायऱ्या बुडतील, बुडू द्या. भोंगा वाजेल, माणसं वर येतील. पाण्याला पसरायला जागा हवी आणि माणसाला वर यायला मोकळी वाट.

हे ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही काठांची सभा भरली. आमच्या लोकांना पायऱ्या म्हणजे शत्रूला पाठवलेलं आमंत्रण वाटलं. "भिंत होती म्हणून पोरंबाळं जिवंत आहेत," मामा उभा राहून ओरडला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "तुझी पोरंबाळं कुठायत रे, तुला बायको कोण देणार?" झालं. पहिली खुर्ची मामानं फेकली, पुढच्या कुणी फेकल्या ते दिसलंच नाही. एक थेट बाईंच्या कपाळावर बसली. बाईंनी रुमाल दाबला, तो लालभडक झाला, तरी त्या म्हणाल्या, "पुढचा मुद्दा." माझ्या मनात त्यांनी तेव्हाच घर केलं.

शेवटी तोडगा निघाला तो असा: आमच्या काठाला कुंपण आणि पायऱ्यांच्या माथ्यावर लोखंडी दारं. पलीकडच्यांनी दार नको म्हटलं. "आम्ही काय घाबरतो की काय!" दारांचं काम मामाला मिळालं आणि पायऱ्यांचं कानतुट्याला. नगरपालिकेच्या ज्या साहेबानं ही वाटणी केली तो एक तर फार भोळा असावा नाही तर फार डांबिस. दोघं हाकेच्या अंतरावर काम करायचे आणि हाका सोडून बाकी सगळं एकमेकांवर फेकायचे. मामाचा हातोडा कालवलेल्या सिमेंटमध्ये सापडायचा. कानतुट्याची थापी एकदा मामाच्या वायरी तोडून गेली.

नकाशात दारं रस्त्याच्या बाजूला उघडणारी होती. मामानं ती उलटी बसवली. उघडायची तर पाण्याच्या बाजूला, आणि कडी रस्त्याकडून. खालून कुणी जेवढं ढकलेल तेवढं दार चौकटीत घट्ट बसेल. वर भाल्यासारखी टोकं. पहिलं दार उभं राहिल्यावर त्यानं वस्तीतले पाच दांडगे तरुण खाली उभे केले. "हं, लावा दम!" त्यांनी खांदे लावले, तोंडं लाल केली, दार हललं नाही. वस्तीनं टाळ्या पिटल्या. मामा दाराच्या गजावरून हात फिरवत होता. इतक्या मायेनं त्यानं माझ्या डोक्यावरूनही कधी हात फिरवला नव्हता.

बाई आल्या, दार पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हे उलटं आहे. पूर आला तर माणसं खालून धावत येतील. घाबरलेला माणूस दार ओढत नाही, ढकलतो."

"बाई, पाणी वर्षातून एकदा येतं," मामा म्हणाला. "पलीकडचे रोज येतात."

पुन्हा टाळ्या पडल्या. बाईंनी काम थांबवायला सांगितलं, तर वस्तीनं त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या. साहेब म्हणाले, उद्घाटन होऊन जाऊ दे, मग बघू. मग कुणी बघितलं नाही.

आणि नवल असं, की जागा लोकांना आवडली. संध्याकाळी शहर भट्टीसारखं तापलेलं असताना पायऱ्यांवर गारवा असायचा. पाण्यातून जायला मोठे सपाट दगड ठेवले होते, त्यांवरून पलीकडची पोरं इकडे यायची, इकडची तिकडे. मामानं आईला बजावलं होतं, "ताई, तिथं पाय ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे." आई लॉन्ड्रीत दिवसभर उभ्यानं इस्त्री करायची. संध्याकाळी तिचे पाय सुजून भोपळ्यासारखे व्हायचे. मी तिला मामाच्या चोरून खाली न्यायचे. पाण्यात पाय सोडले की ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "भावाला सांगू नकोस, मेला मला बुडवेल."

त्या दिवशी सुट्टी होती. पायऱ्या माणसांनी गच्च भरल्या होत्या. आमच्यातल्या कुणीतरी पलीकडच्या एकाची टोपी पाण्यात उडवली, त्यानं याच्या पोटात लाथ घातली, बाटली फुटली आणि फुटलेली बाटली कुणाच्या तरी गालातून आरपार गेली. किंकाळ्या उठल्या. पलीकडून कानतुट्या हातात फळी घेऊन दगडांवरून धावत आला, मागे त्याची माणसं. वरून कुणीतरी ओरडलं, "आले! आले!" मामा दुकानातून सळई घेऊन धावला आणि त्यानं दार धाडकन लावून कडी घातली. आम्ही दोघी खाली आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. तो सळईनं गज वाजवत होता, "या आता वर! या ना!"

तेवढ्यात भोंगा वाजला. आकाश निळंशार होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं पोलीस. मग जमीन थरथरली. वळणावरून तपकिरी पाण्याची भिंत आली, तिच्यात अख्खी झाडं होती आणि एक हातगाडी. दगडांवर उभी असलेली माणसं दिसेनाशी झाली. जे पलीकडच्या काठाला होते ते वर पळाले, त्यांना अडवायला दार नव्हतं. आम्ही सगळे आमच्या दाराकडे धावलो.

पुढचं मला अजून नीट सांगता येत नाही. मी आणि आई गजांवर चेपलो गेलो. पाठीवर शेकडो माणसांचं वजन होतं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि तो उभ्यानंच गेला, पडायलाही जागा नव्हती. मामानं कडी कधीच काढली होती. तो वरून दार ढकलत होता, आम्ही खालून. दार कुणाचंच ऐकत नव्हतं. त्यानं ते तसंच बनवलं होतं.

मग त्याला आई दिसली. तिनं दोन्ही हातांनी गज धरले होते.

"ताई! गज सोड, मागे हो!"

"उघड रे!"

"तू मागे सरलीस तरच उघडेल! सोड!"

ती सोडेना. बुडणारा माणूस सोडत नाही. मामाचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्यानं सळई उचलून आपल्या सख्ख्या बहिणीच्या बोटांवर हाणली. पुन्हा हाणली. हाडं फुटल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यानं माझ्या खांद्यात सळई खुपसली, एकाचं नाक फोडलं, एका बाईच्या मनगटावर मारलं. तो रडत होता आणि मारत होता.

खालच्या बाजूला कानतुट्याच्या लक्षात तेच आलं होतं. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं. तो लोकांना केसांना धरून मागे खेचत होता, फळीनं पाठी सडकत होता. दोघांनी जन्मभर एकमेकांना मारलं. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघं मिळून दुसऱ्यांना मारत होते.

"कान गेला मसणात!" तो मामाकडे बघून किंचाळला. "दार उघड!"

वीतभर फट पडली. मामानं तिच्यात पाय घातला. गर्दी पुन्हा आदळली, पायाचं हाड मोडलं, पण त्यानं पाय काढला नाही. कानतुट्यानं आणखी एक हिसका दिला आणि दार उघडलं. माणसं मामाला तुडवून वर गेली. मी आईला काखेत धरून ओढलं. मागे वळून पाहिलं तेव्हा कानतुट्या छातीभर पाण्यात होता आणि एका पोरीला वर ढकलत होता. मामानं पडल्यापडल्या सळई पुढे केली. तीच सळई. कानतुट्यानं हात लांबवला, इतक्यात एक ओंडका त्याच्या पाठीत बसला आणि पायरी रिकामी झाली.

पाय जोडला गेल्यावर मामा कुबडी घेऊन निघाला आणि त्यानं सगळी दारं गॅसकटरनं कापली. वस्तीतले काही शहाणे तेव्हाही आडवे आले. एकानं दगड मारला, मामाची भुवई फाटली. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाई बघायला आल्या होत्या. मामा म्हणाला, "उलटं मी बसवलं." बाई म्हणाल्या, "हो."

तिथून तो दगडांवरून कुबडी टेकत पलीकडे गेला, कानतुट्याच्या घरासमोर उभा राहिला आणि त्याच्या भावांनी मारलं तेवढं त्यानं खाल्लं. हात वर केला नाही. शेवटी कानतुट्याची बायकोच दारातून म्हणाली, "पुरे. दमाल."

घरी आला तेव्हा ओठ फाटलेला, एक डोळा बंद. आई खाटेवर बसली होती. इस्त्रीचं काम सुटलं होतं तिचं. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं फांद्यांसारखी वाकडी जुळली होती. तिच्या हातांकडे मामा त्या दिवसापासून बघत नव्हता. आता तो तिच्या पायाशी बसला.

"ताई, सगळ्यांनी मारलं. तू राहिलीस. मार मला."

आईनं हात उचलला. खरंच उचलला, तिला राग होताच. मग तो तिनं समोर धरला आणि बोटं मिटायला लागली. मिटेनात.

"मूठच वळत नाही रे," ती म्हणाली.

मामानं मान खाली घातली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं आईचं शाबूत होतं. त्या दोन बोटांत तिनं त्याचा कान धरला आणि लहानपणी पिळायची तसा पिळला. तो कळवळला, पण डोकं सोडवून घेतलं नाही.

"अजून," तो म्हणाला. "जोरात, ताई."