त्याचा बँड, माझा बँड

एका मित्राशी मी तीस वर्षं एकाच विषयावर भांडलो आणि गेल्या हिवाळ्यात ते भांडण जिंकलो. जिंकून मी काय मिळवलं, ते आता सांगतो. सांगायला लाज वाटते, पण न सांगता राहवतही नाही.

भांडण दोन विलायती रॉक बँडवरून होतं. आमच्या खान्देशात बँड म्हटलं की लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते, त्यामुळे या विषयावर भांडायला आम्हाला एकमेकांशिवाय तिसरं माणूस कधी मिळालंच नाही. जळगावच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो, तो आयटीआयला फिटर. त्याचे वडील चाळीसगावला रेल्वेत होते. तिथला एक इंजिन ड्रायव्हर निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघाला, तेव्हा त्यानं कॅसेटींचा एक खोका त्याच्या वडिलांच्या हवाली केला. खोक्यात बहुतेक कॅसेटी दोनच बँडच्या निघाल्या. मित्राला एक आवडला आणि मला दुसरा. झाली वाटणी!

माझ्या बँडची गाणी लिहिणारा माणूस कारखान्यातल्या पाळ्यांवर, भाड्याच्या खोल्यांवर, न बोलणाऱ्या बापांवर लिहायचा. मित्राच्या बँडचा गीतकार धुकं, किल्ले आणि घोडे यांच्या पलीकडे गेला नाही. मी म्हणायचो, याला काही अर्थ आहे का? कोण हा घोडा, कुठे निघालाय? त्यावर तो गादीवर पडल्या पडल्या म्हणायचा, “शब्द तं तोंडी लावाले ऱ्हातस भो. पोट गिटारवरच भरस.”

मला राग यायचा. इंग्रजी मला येत होतं, त्याला येत नव्हतं, आणि तरीही तो माझ्यापुढे मान तुकवत नव्हता. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तो हसला. “तुले इंग्रजी येस म्हनीसन तुले गाणं समजस, असं नही शे.” मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

पुढे मी शिंदखेड्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक झालो आणि तो जळगावला एका जिनिंगमध्ये फिटर. कपाशीतून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं हंगामात दिवसरात्र चालतात. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. त्या गदारोळात तो बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि सांगायचा, हे आठ दिवसांत जाईल. मग ते जायचंच. सगळे त्याला मिस्तरी म्हणायचे आणि त्याच्या कानावर विश्वास ठेवायचे.

आमचं भांडण आधी पत्रांतून, मग फोनवर आणि मग व्हॉट्सॲपवर चालू राहिलं. दोनेक वर्षांपूर्वी त्याचे फोन बंद झाले. रेंज नसते, म्हणाला. मी बोलून पाठवलेल्या निरोपांना उत्तर यायचं नाही, लिहून पाठवलं की लगेच यायचं. आणि मग तो चक्क शब्दांकडे वळला. गाण्यांचे शब्द मोबाइलवर शोधून मला पाठवायचा, या ओळीचा अर्थ काय, हा शब्द इथे का, म्हणून विचारायचा. मी खूश! पानपानभर अर्थ लिहून धाडायचो. एक दिवस त्यानं लिहिलं, “तुन्हं खरं शे मास्तर. शब्दच खरा.”

तीस वर्षांनी गडी शरण आला होता. मी तो निरोप बायकोला वाचून दाखवला, स्टाफरूममध्ये दाखवला. हे असं अचानक का झालं, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. शहाणपणाला उशीर होतो, पण येतं, एवढंच मी म्हणालो.

हिवाळ्यात त्यानं जिनिंगमधल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी मळ्यात भरताच्या जेवणाला बोलावलं. मलाही बोलावलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, त्याची बायको ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. दहा-बारा माणसं चिंचेखाली बसलेली, त्यांत त्याचा सुपरवायझरही. मी सोबत छोटा स्पीकर नेला होता. सगळ्यांसमोर त्याची फिरकी घ्यायची, असं मी बसमध्येच ठरवलं होतं.

“तुझ्या बँडचं ते लांबलचक गाणं लावतो,” मी म्हणालो आणि माझ्या बँडचं लावलं. त्याच्या मोठ्या आवाजाच्या बँडशी दुरूनसुद्धा नातं नसलेलं, पियानोवरचं साधं गाणं. मला वाटलं, दोन सेकंदांत शिवी येईल.

शिवी आली नाही. स्पीकर बाजेवर होता. त्यानं बाजेच्या लाकडावर तळहात ठेवला, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, “वा! काय गिटार शे!”

मी टाळी वाजवून उठलो. “फसला रे फसला! अरे, हा माझा बँड आहे! गिटार कुठे आहे यात?” माणसं हसली. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण मी इतका हसत होतो की तेही हसले. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. मान हलतच होती. मी ओरडत होतो हे त्याला माहीतच नव्हतं.

सुपरवायझर हसला नाही. तो उठून मित्राच्या मागे जाऊन उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, “मिस्तरी.” मग जरा मोठ्यानं, “मिस्तरी.” तिसऱ्यांदा त्यानं हाकच मारली. चुलीपाशी बसलेली त्याची बायको तव्यावरची भाकर उलटायची विसरली. मित्रानं डोळे उघडले, तेव्हा त्याला आमचे चेहरे दिसले. आधी त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मागे उभ्या असलेल्या माणसाकडे.

निघताना त्याची बायको बांधापर्यंत आली. डॉक्टरांनी ऐकायचं यंत्र दिलंय, म्हणाली, पण ते कपाटात पडलंय, कारण ते कानात घालून कामावर गेलं की सगळ्यांना कळणार. “बठ्ठा लोकेसनं सोडा. तुमले तरी समजाले पाहिजे व्हतं, भाऊ.”

पंधरा दिवसांत त्याला यंत्रावरून काढून फाटकावर बसवलं. कपाशीच्या गाड्या येतात त्यांना थांबवायचं आणि आत सोडायचं. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ज्याला ऐकू येत नाही त्यानं यंत्राचं निदान करत राहणं धोक्याचंच होतं, उद्या कुणाचा हात गेला असता तर? हे खरंच आहे. सुपरवायझरचं काहीच चुकलं नाही. पण मी काही कुणाचा हात वाचवायला गाणं लावलं नव्हतं. मला माझा विजय चारचौघांत साजरा करायचा होता. बूंद से गई वो हौद से नहीं आती म्हणतात, ते उगाच नाही.

महिनाभर मी त्याला तोंड दाखवलं नाही. मग एका दुपारी जळगावला गेलो. तो फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, कानात यंत्र होतं. मी समोर खुर्ची ओढली आणि सावकाश, एकेक शब्द तोडत माफी मागितली. त्यानं माझे ओठ वाचले आणि हात झटकला. “जाऊ दे भो. कधी ना कधी समजनंच व्हतं.”

यंत्रानं माणसांचं बोलणं थोडंफार कळतं, म्हणाला, पण गाणं लावलं की नुसता खडखडाट होतो. म्हणून तो शब्द शोधायचा. शब्द वाचले की मागचं सगळं डोक्यात आपोआप वाजायचं, गिटार जशीच्या तशी. दोन वर्षं तो असंच गाणं ऐकत होता. मी शरणागती समजलो ती ही. आणि मी त्याला अर्थ पाठवत बसलो होतो, जे त्याला कधी नकोच होते.

“आते तेबी जाई ऱ्हायनं,” कपाळावर बोट टेकवत तो म्हणाला. त्यानं मोबाइल पुढे केला. त्याच्या बँडचं एक गाणं होतं, फक्त शब्द. दुसऱ्या कडव्यानंतरच्या मोकळ्या जागेवर त्यानं बोट ठेवलं. “आठे गिटार येस. कशी चढस, ते माले सापडत नही. आठ दिन व्हयनात, शोधी ऱ्हायनू. तू तं तीस वरीस आयकेल शे. सांग ना भो. हातवर वाजाडी दाखाड.”

त्यानं आपला तळहात माझ्यापुढे उघडा धरला.

ते गाणं मला तोंडपाठ आहे. कडवी, यमकं, कुठली ओळ सैल आहे, कुठला शब्द भरीचा आहे, सगळं. त्या मोकळ्या जागेत काय वाजतं हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. मागून गाडीवाला भोंगा वाजवत होता, मित्राचं तिकडे लक्षच नव्हतं, तो माझ्या बोटांकडे बघत होता. माझी बोटं त्याच्या तळहातावर नुसती टेकून राहिली. वसतिगृहातल्या त्या खोलीत गिटार सुरू झाली की मी त्याला मागच्या कडव्याचा अर्थ समजावून सांगू लागायचो. ती संपेपर्यंत मी बोलतच असायचो.