शिव्या घालत वाचलेल्या कादंबऱ्या

जामनेरच्या साड्यांच्या दुकानात चंदनबाईंनी उभी हयात गल्ला सांभाळला आणि माणसांना तुच्छ लेखलं. ढीगभर साड्या उलगडून रिकाम्या हाताने जाणाऱ्या बायका, भाव न विचारता घेणारे नवे पैसेवाले, सगळे त्यांच्या लेखी बावळट. कादंबऱ्या वाचणारे तर त्याहून खालचे. रिकामटेकडी माणसं, असं त्या सून प्रियलच्या तोंडावर म्हणत. प्रियल धुळ्याला मराठी घेऊन एम.ए. झालेली.

मग दुकानाच्या पायरीवरून चंदनबाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं. पलंग सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मोबाईलवरच्या मालिकांना त्या लवकरच विटल्या, तेव्हा प्रियलने जुन्या काळातली एक नावाजलेली, जाडजूड कादंबरी उशाशी ठेवली.

सुरुवातीला पानंच्या पानं नुसतं नदीचं वर्णन. असला माल दुकानात धूळ खात पडला असता, असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी कंटाळून पुन्हा उघडलं, नदीची पानं सोडून पुढे गेल्या, तर नायक आला. जहागीरदाराचा पोरगा, बापाची जमीन उधळणारा. असल्याला लोक थोर का मानतात, त्यांना कळेना.

"थोर मानूच नका, मम्मी," प्रियल म्हणाली. "दुकानात आलेलं गिऱ्हाईक समजा. शिव्या घाला, पण तो काय करतो तेही बघा."

हे त्यांना जमण्यासारखं होतं. तो कुठे खोटं बोलतो, प्रेमाच्या नावाखाली स्वतःचीच कशी खुशामत करून घेतो, ते त्यांना दिसू लागलं. भेटायला येणाऱ्या बायकांना त्या त्याच्या भानगडी इतक्या तिरस्काराने सांगत, की एकीला तो गावातलाच कुणी वाटला. तिने आडनाव विचारलं. चंदनबाईंनी तिलाही मूर्खात काढलं. मधेच कधीतरी त्यांनी ते नदीचं वर्णनही वाचून काढलं. तोवर लांबलचक वाक्यं अंगवळणी पडली होती.

सगळं गमावलेला नायक शेवटी, ज्या नोकराला त्याने चाबकाने फोडलं होतं, त्याच्याच झोपडीत मेला. नोकराने त्याचे पाय धुतले. त्या दिवशी जैनांच्या रिवाजाने सूर्यास्ताआधी आलेलं जेवणाचं ताट चंदनबाईंनी परत पाठवलं. दुखतंय का, असं मुलगा मनन विचारत होता.

"त्या नालायकासाठी कोण रडतंय?" त्या म्हणाल्या.

वॉकर घेऊन चालू लागेपर्यंत आणखी काही कादंबऱ्या झाल्या. एकही आवडली असं त्या म्हणाल्या नाहीत. परवा एका लेखकाने भल्या बाईला क्षयाने मारलं, तेव्हा त्यांनी पुस्तक पलंगावर आपटलं आणि प्रियलला बोलावून त्याची बाकीची पुस्तकं मागवायला सांगितली.

"मेला आणखी कुणाकुणाचा जीव घेतो, ते बघायचंय मला."