मोठ्या बाईंचा राग

मोठ्या बाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. इतरांचा चढतो, त्यांचा उतरायचा. वर्गात पोरांचा गोंधळ चालला असला तर त्या दारात उभ्या राहून नेहमीच्या आवाजात हाक मारायच्या आणि पोरं हसत हसत जागेवर बसायची. पण त्या अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या की शाळेच्या शिपायापासून महानगरपालिकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांना कळायचं की आता काही खरं नाही.

उधन्याच्या आमच्या मराठी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. पोरं बहुतेक खानदेशातली, आईबाप लूमवर नाहीतर डाइंगच्या गिरणीत. मी तिथे शिक्षिका म्हणून लागले तेव्हा नुकतीच लग्न होऊन सुरतेत आले होते. गुजराती धड कळत नव्हतं आणि या पोरांची अहिराणी तर मुळीच कळत नव्हती. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "शुभांगी, पुस्तकातली मराठी त्यांना शिकव, पण त्यांच्या आईची भाषा आधी तू शीक. आल्यागेल्या आयांशी बोलायला मी नेहमी असणार नाही."

शाळेत दुपारचं जेवण यायचं. पूर्वीची पद्धत अशी होती की डबे उघडले की आधी शिक्षकांच्या खोलीत ताटं जायची, डाळीतली वरची फोडणी आणि गूळ-तुपाच्या सुखडीचे बरे तुकडे तिकडेच संपायचे आणि मग पोरांची रांग लागायची. बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांनी ती ताटं परत पाठवली. एक जुने गुरुजी चिडले. म्हणाले, "आम्ही काय फुकटे आहोत का?" बाई हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या मुलीच्या लग्नात तुम्ही पहिल्या पंगतीला बसला होतात? घरच्यांची पंगत शेवटची. उरलं तर जेवायचं, नाही उरलं तर पाणी पिऊन हात धुवायचे." त्या दिवसापासून शाळेत आम्ही शेवटी जेवत आलो. कधी कधी खरंच नुसतं पाणी पिऊन.

त्यांच्या रागाला एक नियम होता, तो मला उशिरा समजला. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना चहा गार मिळाला आणि ते सगळ्यांसमोर आमच्या शिपायाला वाटेल ते बोलले. साहेब गाडीत बसायला निघाले तेव्हा बाई त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेल्या आणि त्यांनी काहीतरी सांगितलं. साहेब परत आले, शिपायाच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलले आणि गेले. आम्ही विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "राग वरच्या पायरीवर चढवायचा असतो. खालच्या पायरीवर उतरवला की त्याचा माज होतो."

त्यांचे यजमान, अण्णा, नेमके उलटे. पांडेसऱ्याच्या गिरणीत त्यांनी सगळा जन्म काढला. रागावणं त्यांना ठाऊकच नव्हतं. रिक्षावाल्याने जास्त घेतले, शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, पाण्याची वेळ चुकली, कशावरही अण्णांचं एकच उत्तर. "जाऊ दे व, सुमन." तो खानदेशी 'व' इतका लाडाचा होता की बाई दर वेळी आधी कपाळाला आठी घालायच्या आणि मग हसायच्या.

निवृत्तीनंतर अण्णांचा खुबा गेला. एकदा शस्त्रक्रिया झाली होती, ती बिघडली. त्यांची मुलगी मेधा दिल्लीत नोकरीला आहे, तिने तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवली. इथल्या डॉक्टरांनी जाऊ दिलं, पण बजावलं की प्रवासात पाय सरळ राहिला पाहिजे, तो दुमडून बसायचं नाही. म्हणून मेधाने विमानातल्या पुढच्या, पाय पसरता येतील अशा मोठ्या खुर्च्यांची दोन तिकिटं काढली. त्या दोघांनी जन्मात रिझर्वेशनच्या डब्यापलीकडे काही मागितलं नव्हतं. बाई आठवडाभर कुरकुरल्या आणि शेवटी म्हणाल्या, "त्यांच्या पायासाठी आहे, चैनीसाठी नाही." सोबतीला मी निघाले, माझं तिकीट मागचं.

विमानतळावर काउंटरवरच्या तरुणाने तिकिटं पाहिली, कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी केलं आणि मान खाली ठेवूनच हिंदीत म्हणाला की पुढच्या दोन्ही सीट खराब आहेत, तुम्हाला मागे बसावं लागेल, फरकाचे पैसे मिळतील. त्याच्या छातीवर 'सोनवणे' असं नाव होतं. बाईंनी मराठीत विचारलं, "दोन्ही एकदम कशा काय खराब झाल्या?" तो हिंदीतच म्हणाला, "टेक्निकल है, मॅडम." बाईंनी अण्णांचा पाय दाखवला, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्याने चिठ्ठीकडेही पाहिलं नाही. अण्णा व्हीलचेअरवरून म्हणाले, "जाऊ दे व. दीड-दोन तासांचा तर प्रश्न आहे."

व्हीलचेअर उचलून विमानात चढवणारी गाडी उशिरा आली, त्यामुळे आम्ही सगळ्यांच्या शेवटी विमानात शिरलो. आणि शिरताच समोर त्या दोन खुर्च्या दिसल्या. दोघं जण त्यांत बसले होते, एक पुरुष आणि एक स्त्री. विमान कंपनीच्याच निळ्या पँटी, वरून साधं जाकीट, गळ्यातल्या ओळखपत्राची फीत खिशात सारलेली. हवाई सुंदरी त्यांना नावाने हाक मारत होती आणि ज्यूस देत होती. पुरुषाने खुर्ची मागे टाकून पाय लांब केले होते.

बाई थांबल्या. अण्णा त्यांच्या खांद्यावर भार देऊन एका पायावर उभे होते. बाई त्या माणसाला अगदी हळू म्हणाल्या, "ये सीट तो खराब है ना? आपको तकलीफ नहीं हो रही?"

तो ओशाळला नाही. ओशाळला असता तर बरं वाटलं असतं. त्याने हवाई सुंदरीकडे पाहिलं. ती पुढे येऊन म्हणाली, "मॅडम, प्लीज पीछे जाइए, दरवाजा बंद करना है."

"ये आपके स्टाफ हैं?"

"मॅडम, ये ऑपरेशनल बात है."

"हमारे यहां घर के लोग पहली पंगत में नहीं बैठते," बाई म्हणाल्या. "मेहमान खडा है, उसका पैर देखो."

त्या दोघांतली स्त्री खिडकीबाहेर बघायला लागली. पुरुष म्हणाला की आम्हाला दिल्लीला ड्यूटीसाठी पोचायचं आहे. मग कॉकपिटजवळून आणखी एक जण आला आणि त्याने शांतपणे सांगितलं की तुम्ही बसला नाहीत तर तुम्हाला खाली उतरवावं लागेल आणि पोलीस बोलवावे लागतील. पोलीस. पासष्टीच्या पुढच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला, एका पायावर उभ्या असलेल्या नवऱ्यासकट.

मला वाटलं, बाई हलणार नाहीत. त्यांना कुठल्याही माणसापुढे हललेलं मी पाहिलं नव्हतं. पण दिल्लीत डॉक्टरांची वेळ होती. त्या अण्णांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चला." तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा जसा झाला, तसा मी पुन्हा बघू इच्छित नाही.

पुढचा वेळ मी विसरले नाही. अण्णांना कडेची खुर्ची दिली. पाय सरळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो मधल्या वाटेत काढला. खाण्याची ढकलगाडी आली की पाय आत ओढायचा, गेली की बाहेर काढायचा. दर वेळी त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि दर वेळी ते ढकलगाडीवाल्या पोरीला "सॉरी, बेटा" म्हणायचे. पुढचा पडदा ओढलेला होता. त्यामागून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. बाई सगळा वेळ त्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

दिल्लीत पाय सुजला होता. सूज उतरेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे गेली. ती झाली, पण अण्णांचा पाय परत धरला नाही. घरात वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत, एवढंच त्यांचं चालणं उरलं. मी सगळ्यांना सांगत सुटले की विमानामुळे झालं. बाईंनी मला थांबवलं. "ते विमानामुळे झालं की नाही, मला माहीत नाही आणि डॉक्टरही सांगत नाहीत. ते आपण म्हणायचं नाही. त्यांना त्यांची जागा दिली नाही आणि वर खोटं सांगितलं, एवढं मला माहीत आहे. तेवढ्यावर मी भांडणार."

त्यांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की खुर्च्या नादुरुस्त होत्या, गैरसोयीबद्दल खेद आहे, पुढच्या प्रवासात सवलत घ्या. बाईंनी सवलत परत पाठवली आणि ग्राहक न्यायालयात तक्रार केली. मागणी एकच. खुर्च्या खराब नव्हत्या, त्या आम्ही आमच्या माणसांना दिल्या, एवढं लिहून द्या.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते आणि दारात काउंटरवरचा तो तरुण उभा राहिला. चपला बाहेर काढून आत आला, बाईंच्या पाया पडला आणि मराठीत म्हणाला, "बाई, मी दिनेश. दिनेश सोनवणे. तुमच्या शाळेतला."

बाईंनी त्याला निरखून पाहिलं. "म्हणून हिंदीत बोलत होतास होय रे?"

"मराठीत बोललो असतो तर तुम्ही ओळखलं असतं."

मग त्याने सांगितलं. दिल्लीहून फोन आला होता की कंपनीच्या त्या दोघांना आजच परत पाठवा आणि पुढे बसवा. मागे जागा होत्या, पण एक जण मोठ्या हुद्द्याचा, तो मागे बसायला तयार नव्हता. वरच्यांनी यादीत पाहून सांगितलं की त्या म्हाताऱ्या जोडप्याला हलवा, ते वाद घालणार नाहीत. हे सांगताना दिनेश रडला. मला त्याची यत्किंचितही दया आली नाही.

"हे मला नको सांगू," बाई म्हणाल्या. "आत जा, त्यांना सांग."

अण्णा पलंगावर होते. दिनेश त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "काका, सीट खराब नव्हती." अण्णांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे रे पोरा."

तेव्हा मोठ्या बाईंचा चढलेला आवाज मी ऐकला, आयुष्यात एकदाच. "नाही जाऊ द्यायचं," त्या ओरडल्या. "तुम्ही जन्मभर जाऊ दे म्हणालात म्हणून ते यादीत आपलं नाव शोधतात." अण्णांनी दिनेशच्या हातावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "बरं. तू लढ. मी नाही म्हणणार आता." आणि खरंच, त्यानंतर त्यांच्या तोंडून ते शब्द मी ऐकले नाहीत.

जाताना दिनेश म्हणाला की माझं नाव कुठे घालू नका, नोकरी जाईल, घरी आईवडील आहेत. बाई म्हणाल्या, "नाही घालणार."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडले. त्याचं नाव घातलं तर केस एका दिवसात जिंकू, त्याने तुमच्या तोंडावर खोटं सांगितलं, त्याच्यासाठी तुम्ही कशाला हरता? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "त्याच्यावर राग काढणं सोपं आहे गं," त्या म्हणाल्या. "कंपनीलाही तेच हवंय. उद्या म्हणतील, त्या पोराची चूक होती, त्याला काढून टाकलं. मग ज्याने फोन केला तो राहिलाच की खुर्चीत." मी रागाने निघून गेले आणि काही दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही.

तारखा पडत राहिल्या. कंपनीचा वकील कधी आजारी, कधी कागद यायचे बाकी. अण्णा त्या मधल्या काळातच गेले. दहावा झाल्यावर पुढची तारीख आली, बाई पांढऱ्या साडीत कोर्टाच्या बाकावर जाऊन बसल्या. वकिलाने तिथेच, त्यांच्या देखत, तडजोडीची रक्कम वाढवून सांगितली. बाई म्हणाल्या, "एक वाक्य मागितलंय. ते फुकट आहे. तेच तेवढं तुम्हाला परवडत नाही."

गेल्या उन्हाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला. मेधा दिल्लीहून आली. शेवटच्या दोन दिवसांत बाई फारशा बोलल्या नाहीत. मी पाय चेपत असताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या तारखेला मेधाला घेऊन जा. ती कामात असते, विसरेल." त्या गेल्या तेव्हा उधन्यातल्या लूमवरच्या कितीतरी बाया कामाची पाळी सोडून आल्या. अहिराणीत रडणाऱ्या त्या बायांमध्ये मी उभी होते आणि मला रडू येत नव्हतं, कारण माझं सगळं अंग संतापाने कडक झालं होतं.

तारखेला मेधा आणि मी गेलो. वकील म्हणाला, मूळ तक्रारदार हयात नाहीत, प्रकरण मिटवून टाकावं. तेवढ्यात मागच्या बाकावरून दिनेश उठला. तो आलेला आम्हाला ठाऊक नव्हता. त्याच्या हातात स्वतः करून आणलेलं प्रतिज्ञापत्र होतं. वकिलाने विचारलं, "तुम्ही नोकरीत असताना का बोलला नाहीत? आता काढून टाकलंय म्हणून बोलताय का?"

"काढलेलं नाही, साहेब," दिनेश म्हणाला. "मी आजही ड्यूटीवरून आलोय."

त्याला नंतर काढलं. आता तो इच्छापोरला एका गोदामात काम करतो. त्याने कधी तक्रार केली नाही. मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याच्या आईने मला चहा दिला आणि मी तो अर्धाच ठेवून उठले.

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीचं पत्र मेधाने मला पाठवलं. त्यात लिहिलं आहे की त्या दिवशी दोन्ही खुर्च्या चालू स्थितीत होत्या आणि त्या कर्मचाऱ्यांना देण्यात आल्या. लोक म्हणतात, बाई जिंकल्या, आता तरी शांत व्हा. मी होत नाही. एवढं एक वाक्य लिहायला त्यांनी इतकी वर्षं लावली की ज्यांना ते वाचायचं होतं, ती दोन्ही माणसं निघून गेली. फोन करणारा तो साहेब कोण, हे पत्रात नाही. मेधाने आणि मी त्याचं नाव मागणारा नवा अर्ज दिला आहे.